न मागता आलेले आईपण

(द्वितीय वर्ष कला)

‘कार्टून’ हा शब्द आपल्याकडे बहुधा हेटाळणीनेच उच्चारला जातो. मोठ्या माणसाने कार्टून पाहिले तर ‘अजून लहानच आहे’ असे म्हणतात, आणि वर्गात कुणाचा वेडेपणा सांगायचा झाला तरी ‘काय कार्टून आहे’ असेच म्हणतात. मराठी साहित्याच्या विद्यार्थिनीने कादंबरीवर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर पारितोषिक मिळालेल्या एखाद्या चित्रपटावर लिहावे. परंतु खेळण्यांच्या चित्रपटावर वार्षिक अंकाची पाने कशाला खर्च करावीत, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जिवंत होणाऱ्या खेळण्यांची गोष्ट वरून मुलांची दिसली तरी आतून ती पालकत्वाची गोष्ट असते. आणि तीही न मागता, न ठरवता अंगावर येऊन पडलेल्या पालकत्वाची. अशा पालकांची आपल्या पनवेल तालुक्यात मुळीच उणीव नाही. उणीव आहे ती त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची.

निर्जीव वस्तूत प्राण येतो ही कल्पना आपल्याला परदेशी चित्रपटांनी शिकवलेली नाही. पार्वतीने अंगाच्या मळाची मूर्ती केली, तिच्यात जीव घातला आणि तिला दारावर बसवले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. शंकर घरी आले तेव्हा त्यांना ठाऊकच नव्हते की आपल्याला मुलगा झाला आहे. पुढचा अनर्थ, हत्तीचे शिर आणि मग त्या मुलाचा स्वीकार, हे सगळे आपल्या परिचयाचे आहे. परंतु अचानक बाप झालेल्या माणसाची गोष्ट म्हणून ती आपण कधी ऐकली आहे काय? पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने गेले की पेण लागते. पेण, हमरापूर, जिते या गावांतील कारखान्यांतून वर्षभर गणपती घडत असतात. तिथला सर्वांत कसबी कारागीर डोळ्यांची आखणी करतो, आणि डोळे उघडले की मातीचा गोळा आपल्याकडे पाहू लागतो. चतुर्थीला आपण तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो, दीड किंवा पाच दिवस घरच्या मुलासारखे तिचे लाड करतो, आणि विसर्जनाच्या दिवशी घरातील मोठी माणसेही डोळे पुसतात. ‘ॲनिमेशन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ प्राण असाच आहे. मग आपण या कलेला पोरकट का म्हणावे?

या कलेचा आपल्याकडील आरंभही एका मराठी माणसाने केला. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला हे आपण सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ करतो. परंतु त्याच फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लहानसा चित्रपट केला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. काडी किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. अशी शेकडो चित्रे वेगाने डोळ्यांपुढून गेली की आगकाड्या आपणहून चालतात असे वाटते. चुलीपाशी पडलेल्या काडीला त्यांनी नट बनवले. ज्या घरात विकतचे खेळणे येत नाही, त्या घरातील मुले हेच तर करतात. आमच्या गावात ताडगोळे खाऊन झाल्यावर त्यांच्या सालींची चाके करून मुले गाडी चालवीत. मुलींची भातुकली करवंट्यांची, आणि बाहुली जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची. त्या बाहुलीला ताप येई, तिला औषध पाजावे लागे, आणि तिच्या लग्नात खऱ्या कुरमुऱ्यांची पंगत बसे.

बोलक्या बाहुल्यांची परंपरा तर आपल्याकडे भरभक्कम आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ आज त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या हातांवर बसून बोलतो. वडिलांच्या मागे रामदास पाध्ये यांनी त्याला सांभाळले, आणि पुढे सत्यजित पाध्येही याच कलेत आले. घरातील वडीलधारे गेल्यावर धाकट्या भावंडाची जबाबदारी थोरल्यावर यावी, तसाच हा प्रकार झाला. इथे भाषेच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. ओठ न हलवता बोलणे ही शब्दभ्रमाची मुख्य अट. त्यामुळे ओठ मिटल्याशिवाय ज्यांचा उच्चार होत नाही ते प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण शब्दभ्रमकाराला सर्वांत अवघड जातात. आणि लहान मूल पहिल्यांदा बोलते ते नेमके याच वर्णांनी: बाबा, मामा, मम्मं. म्हणजे बाहुलीला ‘बाबा’ म्हणायला शिकवणे हे शब्दभ्रमातले अवघड काम. खऱ्या मुलाच्या बाबतीत जे आपोआप घडते, ते इथे कष्टाने मिळवावे लागते.

एवढी श्रीमंत परंपरा असूनही आज महाविद्यालयात कुणालाही जिवंत बाहुलीचे नाव विचारा, उत्तर एकच येईल: तात्या विंचू! महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या तरुणाची भूमिका केली, दिलीप प्रभावळकर तात्या विंचू झाले, आणि ती बाहुली रामदास पाध्ये यांनी नाचवली. आमच्या जन्माच्या आधीचा हा चित्रपट आम्हाला तोंडपाठ आहे, आणि तो मलाही आवडतो. परंतु १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटाची कल्पना आपण उचलली, तेव्हा आपल्या मनात जिवंत बाहुली म्हणजे खुनी बाहुली असे समीकरण पक्के बसले, हेही खरे. मायेने जिवंत झालेली बाहुली आपल्या गोष्टींत होती, आपल्या अंगणात होती. मराठी पडद्यावर मात्र तिला तात्या विंचूच्या वाट्याचे यश कधी मिळाले नाही. ती उणीव बाहेरच्या चित्रपटांनी भरून काढली.

त्यांचा मूळपुरुष म्हणजे पिनोकिओ. कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाची ही गोष्ट १८८१ पासून नियतकालिकात येत होती आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १९४० मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने तिच्यावर चित्रपट काढला, आणि २०२२ मध्ये गिल्येर्मो देल तोरो यांनी खऱ्या बाहुल्या एकेक चित्र घेऊन हलवत तिचे नवे रूप केले. त्याला ऑस्कर मिळाले. जेपेत्तो हा गरीब म्हातारा लाकडाची बाहुली करतो आणि ती बाहुली त्याच्यासमोर मूल होऊन उभी राहते. मूळ पुस्तकात एक प्रसंग आहे. पिनोकिओला शाळेत जायचे असते, पण पुस्तक नसते. जेपेत्तो थंडीच्या दिवसांत बाहेर जातो आणि पुस्तक घेऊन परततो, तेव्हा त्याच्या अंगावर कोट नसतो. आणि पिनोकिओ ते पुस्तक विकून बाहुल्यांचा खेळ पाहायला जातो! घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आपल्यासारख्या अनेकांना हा कोट ओळखीचा वाटेल. कुणाच्या घरी तो बोकड असतो, कुणाच्या घरी कानातली कुडी असते.

परंतु मला ज्या चित्रपटाविषयी विशेष लिहायचे आहे तो म्हणजे २०१९ चा ‘टॉय स्टोरी ४’. पिक्सार या अमेरिकन संस्थेने १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ काढला. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. माणसे खोलीबाहेर गेली की खेळणी बोलू-चालू लागतात, एवढीच त्याची साधी कल्पना. चौथ्या भागात बॉनी नावाची मुलगी बालवाडीच्या पहिल्या दिवशी घाबरलेली असते. कचऱ्यातून आलेला एक प्लॅस्टिकचा काटेचमचा, थोडी तार आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन ती एक बाहुला करते आणि त्याचे नाव फोर्की ठेवते. फोर्की जिवंत होतो. परंतु त्याची ठाम समजूत अशी की, आपण खेळणे नाही, आपण कचरा आहोत. सूप खाऊन झाले की टाकून देण्यासाठी आपला जन्म. तो पुनःपुन्हा कचऱ्याच्या डब्याकडे पळतो. वुडी हे जुने खेळणे, ज्याच्याशी आता बॉनी फारशी खेळतही नाही, ते रात्रभर जागून त्याला डब्यातून बाहेर काढत राहते.

प्रेक्षक हसतात, आणि हसण्यासारखेच ते आहे. रात्रभर उठणाऱ्या मुलाच्या मागे धावणाऱ्या कोणत्याही आईचे ते चित्र आहे. पुढे रस्त्याने चालताना फोर्की सांगतो की, कचऱ्यात त्याला उबदार आणि सुरक्षित वाटते. वुडी त्याला समजावतो की, बॉनीला तू जवळ असलास की अगदी तसेच वाटते. तेव्हा कुठे फोर्कीच्या डोक्यात प्रकाश पडतो. कुठलाही उपदेश नाही, की ‘तू महान आहेस’ असे भाषण नाही. ज्या भाषेत समोरच्याला कळते त्याच भाषेत त्याला त्याची किंमत सांगितली, एवढेच.

मी हा चित्रपट मोबाईलवर हिंदीतून पाहिला. ताई, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांनी मिळून. भाऊ हसत होता. ताई म्हणाली, “हा वुडी काही बाप नाही त्याचा, पण अडकला बिचारा.” हे वाक्य माझ्या मनात राहिले, कारण ताईही अशीच अडकली होती. आई तळोजा औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे साफसफाईच्या कामाला लागली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती, मी पाच वर्षांची आणि भाऊ एक वर्षाचा. अंगणवाडी दुपारी सुटे आणि आई अंधार पडता परत येई. मधल्या वेळेची आई म्हणजे ताई. आठवीपर्यंत तिने भावाला कडेवर घेऊन शाळा कशीबशी सांभाळली. पुढे ते जमले नाही. कुणी तिला ‘शाळा सोड’ असे म्हटले नाही, आणि ‘सोडू नकोस’ असेही कुणी म्हटले नाही. मला पहिल्यांदा महाविद्यालयात यायचे होते तेव्हा मी प्रवेशाच्या रांगेतून परत फिरण्याच्या बेतात होते. आपण इथल्या नव्हेत, आपल्यासारख्यांनी कंपनीत कामाला जावे, असे मनात घोळत होते. फोर्कीला कचऱ्याचा डबा हवासा का वाटतो हे मला कुणी समजावून सांगायला नको. ओळखीची जागा कितीही खालची असली तरी ऊब देते. त्या दिवशी ताईने मला रांगेत धरून ठेवले.

मी काही जगावेगळे सांगत नाही, हे मला माहीत आहे. या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांना ताईने, आत्याने, आजीने किंवा मोठ्या दादाने वाढवले असेल. आपल्या साहित्यात आईची थोरवी अपार आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. ती थोरवी योग्यच आहे. परंतु जिने मूल जन्माला घातले नाही, जिला कुणी विचारले नाही, जी स्वतःच अजून मूल होती, अशा आईला आपण कोणते नाव दिले? ‘समजूतदार पोर’ एवढेच! हा शब्द कौतुकाचा वाटतो. पण ज्या मुलीला तो लागतो तिच्याकडून पुढे काहीही मागायची घरादाराला मोकळीक मिळते.

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हे चित्रपट शेवटी खेळणी विकण्यासाठीच असतात. हे नाकारता येणार नाही. वुडीची बाहुली दुकानांत मिळते आणि तिची किंमत आमच्या घराला परवडणारी नाही. परंतु गंमत अशी की, याच चित्रपटात बॉनीला सर्वांत प्रिय खेळणे कुठले, तर कचऱ्यातून तिने स्वतः केलेले. विकणाऱ्यांच्याच पोटातून हा विचार निघाला. तो आपण घ्यावा आणि बाहुली दुकानात राहू द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चांगले खेळणे कोणते, तर स्वतःचा विचार न करता मुलाची सेवा करणारे, असे हे चित्रपट शिकवतात. आणि चांगली बाई कोणती, याचे आपल्याकडचे उत्तरही तेच आहे. मग हा चित्रपट जुन्याच गुलामगिरीला गोड करतो असे नाही काय? पहिल्या तीन भागांबद्दल मी या आक्षेपाशी बरीचशी सहमत आहे. परंतु चौथ्या भागाचा शेवट पाहावा. फोर्की सुखरूप घरी पोचतो, आणि वुडी बॉनीकडे परत जात नाही. तो बो पीप या आपल्या जुन्या मैत्रिणीबरोबर मोकळ्या जगात राहतो. त्याचे सोबती त्याला अडवत नाहीत, उलट निरोप देतात. सांभाळणाऱ्यालाही स्वतःचे आयुष्य असते आणि त्याचे काम झाल्यावर त्याला मोकळे करणे हे बाकीच्यांचे कर्तव्य आहे, असे हा चित्रपट सांगतो. हे मी आपल्या कौटुंबिक मालिकांत अजून पाहिलेले नाही.

तिसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा. जित्याजागत्या मुलीची तुलना खेळण्याशी करणे अपमानाचे नाही काय, असे ती म्हणाली. यावर माझे उत्तर असे की, ही तुलना मी केलेली नाही, व्यवहारानेच ती करून ठेवली आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाची हमी देतो. ताई आठवीनंतरच थांबली. कायद्याचे बोट तिथेच सुटते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. परंतु शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना मदत करायला मुभा राहिली. घरात धाकट्याला सांभाळणे हे कुणाच्याच हिशेबात काम नाही. माणसे खोलीत असताना खेळणी निपचित पडून राहतात, आणि ती जिवंत आहेत हे कुणाला कळत नाही. ताईचे काम आमच्या घरात तसेच होते.

पालकत्व रक्तानेच येते असे नाही, हे महाराष्ट्राला शिकवणारे घर पुण्यात होऊन गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले, आणि काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात माय-लेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. त्यांचे आईपण न जन्मलेल्या नात्याचे होते. परंतु ते त्यांनी समजून-उमजून स्वीकारले होते. अकरा वर्षांच्या मुलीला असे स्वीकारणे शक्य नसते. इथेच फरक आहे, आणि म्हणून नुसत्या गौरवाने भागत नाही. आईच्या कामाच्या ठिकाणाजवळ, तिच्या कामाच्या वेळेइतके चालणारे पाळणाघर असते, तर ताई नववीत गेली असती. हा प्रश्न मायेचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

आपल्या हातात काय आहे? शासनाचे काम शासनाने करावे. परंतु महाविद्यालयापुरत्या तीन गोष्टी मला सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, पालकसभेच्या पत्रावर ‘आई-वडिलांनी उपस्थित राहावे’ असे छापलेले असते. तिथे ‘ज्यांनी तुम्हाला वाढवले त्यांनी’ असे छापावे. सहीच्या रकान्यात कायद्याने कुणाची सही लागते हा प्रश्न वेगळा, पण सभागृहातील खुर्चीला कायदा आड येत नाही. दुसरी अशी की, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात एक दिवस ‘टॉय स्टोरी ४’ किंवा ‘पिनोकिओ’ दाखवावा, त्या माणसांना बोलवावे आणि नंतर चर्चा ठेवावी. प्राध्यापकांनी त्यात भाग घेतला तर कार्टूनची हेटाळणी थोडी कमी होईल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. पनवेलच्या आसपासच्या गावांत असा फॉर्म भरू शकतील अशा कितीतरी ताया आहेत. त्यांना बीजगणित शिकवणारे कुणी नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने रविवारी दोन तासांचा वर्ग चालवावा. आम्ही रस्ते झाडतो, झाडे लावतो. हेही करू शकतो.

यंदा आमच्या घरात दहावीचे दोन विद्यार्थी आहेत. भाऊ शाळेतून बसणार आहे आणि ताईने १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. पुस्तकांचा संच एकच आहे, म्हणून संध्याकाळी गणित त्याच्याकडे असते तेव्हा इतिहास तिच्याकडे असतो. स्वयंपाक आता आम्ही तिघे वाटून करतो. इंग्रजी मी दोघांनाही शिकवते. गणितासाठी मात्र कुणीतरी हवे आहे. रविवारच्या वर्गाला नाव देणारे विद्यार्थी मिळाले, तर पहिली विद्यार्थिनी आमच्या घरून येईल.